परीक्षकाची स्पष्टोक्ती आणि राजशेखराचे चार भावक

प्रास्ताविक :
दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी परीक्षकाला स्पर्धकाइतकेच, किंबहुना कधी कधी अधिक, प्रसिद्धीच्या झोतात आणले. ब्रिटनमधील 'पॉप आयडॉल' (२००१) या कार्यक्रमात सायमन कॉवेल यांचे कठोर शेरे गाजले आणि फटकळ परीक्षक हा अशा कार्यक्रमांचा जणू आवश्यक घटक ठरला. भारतात 'इंडियन आयडॉल' २००४ मध्ये सुरू झाले. अनू मलिक, सोनू निगम व फराह खान हे त्याचे पहिले परीक्षक आणि मुंबईचे अभिजीत सावंत हे पहिले विजेते (मार्च २००५). तेव्हापासून परीक्षकांच्या बोलण्यावर घरोघरी चर्चा होत आली आहे. मात्र हे बोलणे 'स्पष्ट' केव्हा मानावे, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो.

२०२१ चा प्रसंग :
मे २०२१ मध्ये याच कार्यक्रमाच्या बाराव्या पर्वात किशोरकुमार यांच्या गीतांवर आधारित भाग प्रसारित झाला. पाहुणे म्हणून उपस्थित राहिलेले त्यांचे पुत्र अमितकुमार यांनी नंतर सांगितले की, सर्वांची प्रशंसा करावी अशी सूचना आपणांस होती. प्रत्यक्षात तो भाग आपणांस आवडला नव्हता. पाठोपाठ, पूर्वी परीक्षक राहिलेल्या सुनिधी चौहान यांनीही आपल्याकडून स्तुतीची अपेक्षा होती व म्हणून आपण बाजूला झालो, असे सांगितले. अभिजीत सावंत यांनी त्याच सुमारास वेगळा मुद्दा मांडला होता. हिंदी कार्यक्रमांत गुणांपेक्षा स्पर्धकाच्या गरिबीची कहाणी पुढे येते; प्रादेशिक कार्यक्रमांत मात्र लक्ष गाण्यावर असते, असे त्यांचे निरीक्षण होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॉवेल यांचा कठोरपणा आणि २०२१ मधील ही स्तुती वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींत परीक्षकाचा सूर गाणे ऐकण्यापूर्वीच ठरलेला असू शकतो.

राजशेखराचे वर्गीकरण :
या संदर्भात आपल्या जिल्ह्याशी नाते असलेला एक ग्रंथ उपयोगी पडतो. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' रचली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने विदर्भातील वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशिम येथे, लावून दिला आहे. याच ग्रंथात निर्मिती करणारी 'कारयित्री' आणि आस्वाद घेणारी 'भावयित्री' असे प्रतिभेचे दोन प्रकार सांगून भावकांचे, म्हणजे रसिक-परीक्षकांचे, चार वर्ग केले आहेत. अरोचकीला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी गवतासकट सर्व गिळतो, म्हणजे बरेवाईट न निवडता सर्वांस दाद देतो. मत्सरीला समोरचा गुण दिसत नाही. तत्त्वाभिनिवेशी रचनेच्या मर्मापर्यंत पोहोचतो. असा हजारांत एखादाच, असे राजशेखर म्हणतो.

यातील सर्वांत मार्मिक भाग अरोचकीविषयीचा आहे. त्याची अरुची स्वाभाविक असेल तर कितीही संस्कार केले तरी ती जात नाही. ज्ञानातून आलेली असेल तर उत्तम रचना समोर येताच तीच रुचीत पालटते. परीक्षकाचे परखड मत जोखण्याची कसोटी प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच सापडते. चांगले गाणे ऐकल्यावर जो तितक्याच मोकळेपणाने दाद देतो आणि कोणता स्वर कोठे ढळला हे सांगू शकतो, त्याचीच नापसंती स्पर्धकाच्या कामी येते. उरलेले कॅमेऱ्यासाठी.

आपला प्रश्न :
हा विषय केवळ मुंबईतील चित्रीकरणगृहापुरता नाही. युवक महोत्सवांत व स्नेहसंमेलनांत आपल्यापैकी अनेकजण परीक्षकाच्या खुर्चीवर बसतात. रिसोड वा मानोऱ्याकडील एखादी विद्यार्थिनी पेटीच्या साथीवर जमेल तसे शिकून येते, आणि तिच्या हाती बहुधा केवळ क्रमांक पडतो. तोही न मिळाल्यास 'छान प्रयत्न' एवढेच. आपला हा सौजन्यपूर्ण सतृणाभ्यवहार तिला पुढील वर्षी काहीच उपयोगाचा नाही. गुणपत्रिकेवर अंकांशेजारी स्वर, लय व उच्चार यांविषयी दोन वाक्ये लिहून ती स्पर्धकास द्यावीत, एवढा बदल महाविद्यालयाच्या पातळीवर सहज करता येईल. त्यास प्रत्येक गाण्यामागे फार तर दोन मिनिटे अधिक लागतील.