घरचं मत्स्यालय – भाग ७ : दिवा किती आणि किती तास?

मागच्या लेखात फिल्टर झाला, आता दिवा. टाकीच्या झाकणात बसेल त्यातली सर्वांत लख्ख एलईडी पट्टी उचलण्याकडे बहुतेकांचा कल असतो. उजेड जेवढा जास्त तेवढी टाकी छान, असा हिशेब. तो चुकतो. घरच्या टाकीत उजेड कमी पडून जेवढं बिघडतं, त्याहून जास्त तो अति झाल्याने बिघडतं. म्हणून आधी टाकीत कोणत्या वनस्पती ठेवायच्या ते ठरवावं. वॅट, रंग, किंमत हे सगळं त्यानंतर.

माशांपुरतं बोलायचं तर त्यांना दिवस आणि रात्र यांतला फरक कळला की पुरे. बाजारात मिळणारे कितीतरी मासे मुळात सावलीतले. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या, पाचोळ्याने तपकिरी झालेल्या पाण्यातला. माशांना पापण्या नसतात आणि बहुतेकांची बाहुली आपल्यासारखी आकसतही नाही. उजेडाशी जुळवून घ्यायला त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि रंगद्रव्य जागेवरून सरकावं लागतं आणि त्याला बराच वेळ जातो. अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावला की मासे सैरावैरा पळतात. त्यामुळे आधी खोलीतला दिवा लावावा, टाकीतला मागाहून. ‘कमी उजेडात माशांचे रंग उठत नाहीत’ ही तक्रार नेहमीची. पण निऑनचा निळा पट्टा रंगद्रव्याचा नाहीच. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून उजेड परतून तो चमकतो, तोही मंद उजेडात. मासे फिकट दिसतात ते बऱ्याचदा पांढऱ्या वाळूमुळे, कारण तळ फिका असला की अनेक मासे आपला रंगही उतरवतात. दिवा तोच ठेवून तळाला काळी वाळू आणि मागे काळा कागद लावून पाहावा.

उजेडाची खरी गरज वनस्पतींना, आणि गोम इथेच आहे. प्रकाशसंश्लेषणाला उजेडाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावलेल्या टाकीत वनस्पतीची वाढ बहुधा या वायूपाशी अडते. त्यापुढचा उजेड तिच्या कामाचा नसतो, शेवाळाचं मात्र फावतं. अनुबियासचं पान बघा. जाड, गडद, महिनोन्‌महिने टिकणारं. लख्ख दिव्याखाली त्यावर आधी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळतात आणि बोटाने चोळून जात नाहीत. समोरच्या काचेवरचे हेच ठिपके ब्लेडने खरवडावे लागतात. मग लोक पाणी बदलतात, शेवाळ खाणारे मासे आणतात, औषध टाकतात. दिवा तेवढा रात्री अकरापर्यंत चालूच!

‘लिटरमागे अमुक वॅट’ हा नियम अजूनही सांगितला जातो. तो ट्यूबलाइटच्या जमान्यातला. वॅटवरून दिवा वीज किती खातो एवढंच कळतं, आणि तेवढ्याच विजेत एलईडी जुन्या ट्यूबपेक्षा जास्त उजेड देते. ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी काढलेलं. वनस्पतींसाठी ‘पार’ हे माप असतं, पण स्वस्त पट्ट्यांच्या खोक्यावर ते सहसा छापलेलं नसतं आणि साध्या टाकीचं त्यावाचून अडतही नाही. गुलाबी-जांभळ्या ‘ग्रो लाइट’चा मोह मात्र टाळावा. वनस्पतींना फक्त लाल-निळा उजेड लागतो, हे अर्धसत्य आहे. संशोधक मॅक्री यांनी 1972 मध्ये पिकांच्या पानांवर घेतलेल्या मोजमापांत हिरव्या उजेडावरही प्रकाशसंश्लेषण चांगलंच चालत असल्याचं दिसलं होतं. 6500 केल्विनच्या आसपासची साधी पांढरी एलईडी घ्यावी.

आता तास. साध्या टाकीला दिवसाला सहा-सात तास दिवा पुरे. नदीत बारा तास ऊन असतं, मग टाकीला एवढेच का, असं कुणी विचारेल. नदीवर सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं पडतं, मध्ये काठची झाडं आणि ढग येतात. दिवा मात्र पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीने जळतो. शिवाय नदी वाहते, टाकीत माशांच्या विष्ठेतलं नत्र आणि स्फुरद साठत राहतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उजेड फारच कमी केला तर वनस्पती मरतात आणि सडलेली पानं शेवाळालाच पोसतात. हे खरं आहे. लाल पानांच्या किंवा गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पती मंद उजेडात जगवण्याचा हट्ट धरू नये. त्यांना प्रखर दिवा द्यावा, पण मग सिलिंडर, खत, दर आठवड्याची छाटणी हा व्याप आलाच. तो नको असेल त्यांनी अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन यांवर भागवावं. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आपोआप उगवतात.

दोन फुटी टाकीला उजेड कमी-जास्त करता येणारी पट्टी आणि एक टायमर एवढं पुरतं. सहा तासांनी सुरुवात करा आणि दोन-तीन आठवडे काहीही बदलू नका. नवी पानं लांबट, विरळ येऊ लागली तर वेळ अर्ध्या तासाने वाढवा. काचेवरचे ठिपके खरवडल्यावर लगेच परतले तर तेवढीच कमी करा. सिलिंडर कुणी घ्यावा आणि कुणी घेऊ नये, ते पुढच्या आठवड्यात.