बोईसरच्या उन्हात घडणारा वायू

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक वसाहतींचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ९३.६९ गुणांसह बोईसरजवळची तारापूर वसाहत प्रदूषणात देशात पहिली आली. तिथल्या सांडपाण्याचा प्रश्न मांगेला मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. हवेचा विषय निघाला की मात्र आपली नजर चिमणीवरच खिळते. ओझोन कुठल्याच चिमणीतून बाहेर पडत नाही. तो उन्हात, हवेतच तयार होतो.

तारापूरच्या वसाहतीतले बॉयलर, जनरेटर, चिल्हार फाट्याकडे धावणारे ट्रक, सगळ्यांच्या ज्वलनातून नायट्रिक ऑक्साइड निघते आणि हवेत त्याचे नायट्रोजन डायऑक्साइड होते. ऊन या डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन अणू तोडते. तो अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन. उरलेले नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन पुन्हा खाऊन टाकते. प्रकरण एवढ्यावरच थांबले असते, तर ओझोन फारसा साठला नसता.

हा तोल द्रावकांमुळे (सॉल्व्हंट) बिघडतो. औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांत टोल्युइन, मिथेनॉल यांसारखी द्रावके वापरली जातात. ड्रम भरताना, रिअ‍ॅक्टर उघडताना, सांडपाण्याच्या उघड्या टाकीवरून त्यांची वाफ उडते. हवेतले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे झटकन अभिक्रिया करणारा रेणूचा तुकडा, या वाफेला भिडले की पेरॉक्सी मूलके तयार होतात आणि ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा डायऑक्साइड करतात. ओझोन खाणारेच कमी होतात आणि तो साठत जातो. अननसाच्या गंधाचा अभ्यास करणारे आरी हागन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे अशी वाफ, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ऊन यांचा मेळ असल्याचे १९५०च्या सुमारास उलगडले.

हिवाळ्यातल्या धुरक्याने हे गणित आणखी गुंतते. धूलिकण ऊन अडवतात, काही मूलकेही शोषून घेतात. म्हणजे ओझोनला लगाम बसतो. उलट ओलसर कणांवर नायट्रोजन डायऑक्साइडपासून नायट्रस आम्ल बनते आणि सकाळच्या पहिल्या उन्हात ते फुटून हायड्रॉक्सिल मोकळे करते. किनाऱ्यावर त्यात मिठाचीही भर पडते: रात्री समुद्री मिठाच्या कणांवर तयार झालेले क्लोरीनचे संयुग सकाळी फुटते आणि मोकळे क्लोरीन अणू द्रावकांच्या वाफेवर तुटून पडतात.

उत्तर चीनच्या मैदानी भागात २०१३ ते २०१७ दरम्यान हवेतले सूक्ष्म कण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, पण तिथल्या अनेक शहरांत उन्हाळी ओझोन वाढला. मला तारापूरसाठी हा धडा सर्वात महत्त्वाचा वाटतो. धूळ कमी करायलाच हवी, कारण ती फुप्फुसात जाते. पण द्रावके मोकळी सोडून नुसती धूळ आवरली, तर दुपारचा ओझोन चढू शकतो. जिथे नायट्रोजनची ऑक्साइडे मुबलक असतात, तिथे तीच थोडी घटवूनही ओझोन वाढतो. द्रावकांची गळती रोखणे तिथे अधिक गुणकारी ठरते.

भारतीय मानकानुसार ओझोनची आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. मोजणी कुठे करायची, हा प्रश्न उरतो. महामार्गाच्या कडेला ताजे नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाते, म्हणून तिथे आकडा कमी दिसतो. दुपारी खाऱ्या वाऱ्याने हवा पूर्वेला सरकते आणि वाटेत रसायन चालूच राहते. म्हणून ओझोनमापक वसाहतीच्या फाटकापाशी तर हवाच, पण पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावांतही हवा, आणि त्याच्या शेजारी टोल्युइनसारख्या द्रावकांची मोजणीही.