लांबूनच वाचायची अक्षरे

संकटाच्या जागी इतरांच्या आधी पोचणे हाच ज्यांच्या नोकरीचा धर्म, त्या अग्निशामक दलाच्या जवानाला, महामार्गावरच्या पोलीस शिपायाला आणि रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टराला एक पाठ असा शिकवावा लागतो, की जो त्यांच्या आजवरच्या सगळ्या संस्कारांच्या उलट जातो: अलीकडेच थांबावे, पाहावे, ओळखावे, कळवावे, आणि दुसऱ्या कोणालाही पुढे जाऊ देऊ नये. घातक रसायनांच्या अपघातांविषयी जे अगदी पहिल्या पायरीचे शिक्षण जगभर दिले जाते, त्याचा गाभा एवढाच आहे. ऐकायला हा पाठ सोपा वाटतो. परंतु ज्याच्या पुढ्यात उलटलेल्या टँकरच्या केबिनमध्ये माणूस कण्हत आहे, त्याला तो पाळणे किती जड जात असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

या शिक्षणाची गरज मुंबईइतकी महागात फार थोड्या शहरांनी ओळखली असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा असा एकमेकांशी कोणताही मेळ नसलेला माल भरलेला होता. आणि स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने चढवावयाचा लाल बावटा त्याच्या काठीवर नव्हता. त्यामुळे शेजारी नांगरलेल्या जहाजांना आणि गोदीत राबणाऱ्या शेकडो हमालांना आपल्या हाकेच्या अंतरावर काय जळत आहे, याची वार्ताही नव्हती. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला, आणि आग विझवावयास गेलेले दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो, त्यांच्या शौर्याला वंदन केले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु मला मात्र त्या हकिकतीत तो न चढलेला बावटा विसरता येत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या बंदरात ‘ग्रँडकँप’ जहाजावरील अमोनियम नायट्रेट पेटले. माल भिजू नये म्हणून पाण्याऐवजी मालकोठाराची दारे बंद करून आत वाफ सोडण्यात आली; परंतु ज्या पदार्थाच्या ठायीच ज्वलनाला पुरेल इतका प्राणवायू साठलेला, त्याची आग हवा कोंडून कशी विझावी? धुराचा नारिंगी रंग पाहावयास धक्क्यावर गर्दी लोटली, आणि गावच्या स्वयंसेवी दलातील २८ पैकी २७ जण त्या स्फोटात गेले. पुढे १९८८ साली त्याच देशात कॅन्सस सिटीत, कसलीही खूण न लावलेल्या दोन वाहनपेट्यांना लागलेली आग विझवताना, आत नायट्रेटचेच स्फोटक मिश्रण असल्याने सहा जवान प्राणास मुकले.

अशा अनुभवांतून तिथल्या कायद्याने शिक्षणाच्या पायऱ्या बांधल्या. त्यांतली सर्वांत खालची पायरी ‘जाणिवे’ची. या पायरीवरच्या माणसाने धोका ओळखून योग्य अंमलदारास वर्दी द्यावी आणि त्यापुढे हात घालू नये, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. गळती दुरून आवरणे ही दुसरी पायरी. अंगभर बंदिस्त पोशाख चढवून व्हॉल्व्ह बंद करावयास जवळ जाणे ही त्याही वरची. पुष्कळ दुर्घटनांत मरण येते ते पहिल्या पायरीचा माणूस तिसऱ्या पायरीचे काम करावयास धावतो म्हणून.

ओळखावयाचे ते कशावरून? आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घातक माल वाहणाऱ्या वाहनावर आणीबाणीच्या माहितीचा फलक लावणे सक्तीचे केले आहे. पदार्थाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक, वर्गाची खूण असलेला चौकट आकाराचा शिक्का, आणि माल पाठवणाऱ्याचा व तज्ज्ञ सल्ल्याचा दूरध्वनी, इतका ऐवज त्या एका पत्र्यावर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. याखेरीज लंडनच्या अग्निशामक दलाने १९७० च्या दशकात बसवलेली हॅझकेम नावाची सांकेतिक लिपी पुष्कळ टँकरांवर आढळते, आणि तिच्या रचनेची मला फार मौज वाटते. कारण पदार्थाचे गुणवर्णन करीत न बसता ती पहिल्या पाच मिनिटांत काय करावे एवढेच सांगते. क्लोरीनच्या टँकरवर ‘दोन-एक्स-ई’ असे लिहिलेले असते. दोन म्हणजे पाण्याचा बारीक फवारा वापरा. एक्स म्हणजे श्वसनयंत्रासह अंगभर संरक्षक पोशाखाशिवाय जवळ जाऊ नका आणि सांडलेला द्रव नाल्यात वाहू देऊ नका. ई म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. पहिला आकडा तीन असेल तर फेस मारावयाचा, आणि चार असेल तर पाण्याचा थेंबही पडू द्यावयाचा नाही. एवढा मोठा हुकूम तीन अक्षरांत मावला आहे.

ही अक्षरे दुर्बिणीतून वाचावयाची असतात. वाऱ्याकडे पाठ करून, चढाच्या बाजूला उभे राहून वाचावयाची असतात, कारण क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे सखल भागात, नाल्यात, तळघरात जाऊन दबा धरतो, आणि स्वयंपाकाचा गॅसही जमिनीलगतच सरपटतो. पदार्थ कोणता हे कळेपर्यंत चहूबाजूंनी निदान १०० मीटर जागा मोकळी ठेवावी, आणि टँकरच आगीत सापडला असेल तर ८०० मीटर, असे उत्तर अमेरिकेतील मार्गदर्शिका सांगते. हात ताठ धरून अंगठा उभा करावा, आणि त्याच्याआड अपघाताची सगळी जागा झाकली गेली नाही तर आपण अजून जवळच आहोत असे समजावे, ही जवानांची घरगुती पट्टीही शिकवतात.

नाकावर भिस्त ठेवू नये, हा या शिक्षणातला दुसरा मोठा पाठ. गटारात आणि मैल्याच्या टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखी घाण मारतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभराच्या घरात गेले की वास घेणारी शक्तीच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस खाली उतरतो. एकाला काढावयास दुसरा, दुसऱ्याला काढावयास तिसरा, अशी माणसे एकाच चेंबरमध्ये गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. मागाहून उतरलेले ते लोक भ्याड नव्हते, निष्काळजीही नव्हते, मायेपोटी गेले. अडवणारा जाणता माणूस तेवढा तिथे नव्हता.

नाव कळण्याचे मोल किती असते, ते १९८४ च्या डिसेंबरात दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री भोपाळने दाखवले. ४० टनांच्या आसपास वायू शहरावर पसरला असताना इस्पितळांतील डॉक्टरांना तो कोणता आणि त्यावर उपचार काय, हे सांगणारे कोणी नव्हते. आणि २०१० च्या जुलैत शिवडीला बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरातून क्लोरीन सुटला, तेव्हा शंभरावर लोक बाधित झाले आणि त्यांत मदतीस गेलेले अग्निशामक जवानही होते. भोपाळनंतर सव्वीस वर्षांनी, तेही मुंबईत!

आपल्याकडे या विद्येची पीठे नाहीत असे नाही. १९५६ साली रामपूरला सुरू होऊन दुसऱ्याच वर्षी नागपुरास आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे; राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी पुण्याजवळ आहे. पण घाटात टँकर उलटतो तेव्हा तिथे आधी पोचतो तो पलीकडच्या गावचा पोलीस पाटील, टोलनाक्यावरचा पोरगा, नाहीतर ढाब्याचा मालक. त्यांच्यामागून बादल्या आणि कॅन घेऊन सांडलेले इंधन भरावयास गाव येते. २०१७ साली पाकिस्तानात बहावलपूरनजीक अशाच एका टँकरभोवती जमलेली दोनशेहून अधिक माणसे जळून गेली. जाणिवेची पहिली पायरी या पोलीस पाटलापर्यंत आणि टोलनाक्यापर्यंत उतरवण्याची तजवीज सरकारने करावी, त्याला फार पैसा लागत नाही. एक दिवस, एक तक्ता आणि शिकवणारा एक अनुभवी फायरमन पुरेसा आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. रस्त्यात असा टँकर कलंडलेला दिसला तर गाडी लांब आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभी करा, विडी-काडी पेटवू नका, दुसऱ्यांना थोपवा, आणि ११२ वर कळवताना जागेबरोबर फलकावरचे चार आकडेही सांगा. ते उभ्या जागेवरून वाचता येत नसतील, तर वाचण्यासाठी पुढे जाऊ नका.