गुप्तकालीन सुवर्णनाण्यांतील छापभेद

नाण्याची दुर्मिळता केवळ त्याच्या संख्येवर ठरत नाही. ते कसे पाडले गेले यावरही ठरते. गुप्त सम्राटांचे सुवर्ण दीनार हे याचे उत्तम उदाहरण होय. हे दीनार दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून हातोड्याच्या आघाताने पाडीत. ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे एकाच प्रकारच्या नाण्यांतही बारीकसारीक भेद आढळतात.

या भेदांचे तीन वर्ग करणे इष्ट आहे. धनुर्धर, अश्वारूढ, अश्वमेध हे मुख्य प्रकार. राजाची दिशा, आयुधाची जागा अथवा देवीचे आसन बदलल्यास उपप्रकार होतो. ठसा सरकणे किंवा आघात दोनदा होणे हा मात्र केवळ अपघात. त्यामागे राजाचा किंवा टांकसाळीचा हेतू नसतो. म्हणून अशा नाण्यास नवा उपप्रकार मानणे चुकीचे ठरते. ठशाला गेलेल्या तड्याची गोष्ट निराळी आहे. तो तडा पुढील प्रत्येक नाण्यावर उंच रेषेच्या रूपाने उमटतो व वाढत जातो; त्यावरून नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली हे सांगता येते.

चकती पुष्कळदा ठशाहून लहान असे. त्यामुळे कडेच्या लेखातील काही अक्षरे नाण्याबाहेर राहत. एका नाण्यावर लेखाचा आरंभ, तर त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर शेवट सापडतो. असे तुकडे जुळवूनच पूर्ण लेख सिद्ध होतो. यांपैकी अनेक लेख छंदोबद्ध असल्याने जुळणीची पडताळणी वृत्तावरूनही करता येते.

१९४६ साली भरतपूर संस्थानात बयानाजवळ सापडलेल्या निधीने या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट केले. त्यातील अभ्यासिल्या गेलेल्या १८२१ नाण्यांपैकी ९८३ दुसऱ्या चंद्रगुप्ताची, ६२८ पहिल्या कुमारगुप्ताची, तर स्कंदगुप्ताचे केवळ एक होते. डॉ. अ. स. अळतेकर यांनी सिद्ध केलेली या निधीची सूची १९५४ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे एकमेव नाणे याच निधीत होते. परंतु निधीतील काही नाणी अभ्यासकांच्या हाती येण्यापूर्वीच वितळविली गेली होती. त्यांवर काय होते हे आता कधीच कळणार नाही.

संग्राहकाने येथूनच बोध घ्यावयास हवा. बाजारात सुस्पष्ट व पूर्ण नाण्यालाच मोल असते. अर्धवट छापाचे नाणे ‘दुबार प्रत’ म्हणून बाजूस पडते. वस्तुतः लेखातील हरवलेले अक्षर त्याच नाण्यावर असण्याचा संभव असतो. शिवाय निधी विखुरला की सहप्राप्तीचा पुरावाही नष्ट होतो. म्हणून प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि प्राप्तिस्थान यांची नोंद आवश्यक आहे. वजनाची नोंद तर कालनिर्णयासही साहाय्यक ठरते: आरंभीचे दीनार सुमारे १२० ग्रेनचे आहेत, तर स्कंदगुप्ताची काही नाणी १४४ ग्रेनच्या सुवर्णमापाजवळ जातात. ओतीव बनावट नाण्यांची अक्षरे व कडेचे बिंदू बोथट दिसतात. अस्सल ठशाशी तुलना केल्यास ती ओळखू येतात. ही तुलना करता यावी, यासाठी तथाकथित दुबार नाण्यांचीही नोंद आणि जतन झाले पाहिजे.