हेडफोनची निवड, लेखांक ६ : महामार्गाकडची खिडकी

मोबाइल किंवा लॅपटॉपला कोणता हेडफोन झेपतो आणि ओहम या एककाचा त्याच्याशी काय संबंध आहे, हा या आठवड्याचा ठरलेला विषय होता. तो पुढे ढकलावा लागत आहे, कारण वारजे येथील एका वाचकाने विचारलेला प्रश्न क्रमाने त्याच्या आधी येतो. कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गाकडे खिडकी असलेल्या सदनिकेत रात्री गेम खेळणाऱ्या आणि त्याच हेडफोनवर ख्यालगायन ऐकणाऱ्या या वाचकाला चार-पाच हजारांच्या आत ओपन-बॅक हेडफोन घ्यावा काय, हे जाणून घ्यायचे आहे.

ज्याच्या कपाची बाहेरची बाजू जाळीची असते तो ओपन-बॅक हेडफोन. विद्युत् संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारा भाग, म्हणजेच ड्रायव्हर, पुढे जितका आवाज सोडतो तितकाच मागेही सोडतो. तो मागचा आवाज जाळीतून मोकळा निघून जात असल्याने कपाच्या आत त्याचे परावर्तन होत नाही आणि संगीत डोक्याच्या बाहेर, खोलीत पसरल्यासारखे भासते. फिलिप्सच्या एसएचपी ९५०० या हेडफोनची गेम खेळणाऱ्यांत आणि संगीत ऐकणाऱ्यांत सारखीच वाखाणणी झाली ती याच गुणामुळे, आणि शांत खोलीत ती यथार्थ आहे. मात्र ज्या जाळीतून आतला आवाज बाहेर जातो, तिच्यातूनच बाहेरचा आत येतो.

महामार्गाचा आवाज एकजिनसी नसतो. वेगाने जाणाऱ्या मोटारीचा आवाज मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा असून त्याचा जोर १००० हर्ट्झच्या आसपास असतो, तर ओझ्याने भरलेला ट्रक वेग घेताना इंजिन आणि एक्झॉस्टमधून जी घरघर करतो ती बहुतांशी २०० हर्ट्झच्या खाली असते. बंद कपाचा, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन पहिल्या आवाजाला चांगलाच अडवतो. दुसऱ्यापुढे मात्र त्याचे बळ कमी पडते, कारण खालच्या वारंवारतेचा ध्वनी गादीखालच्या बारीक फटीतून आत शिरतोच, शिवाय अख्खा कपच गादीवर हलवतो.

या घरघरीचा उपद्रव वाटतो त्याहून मोठा आहे. एका आवाजाने दुसरा झाकला जाणे याला ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणतात, आणि खालच्या वारंवारतेचा मोठा आवाज वरच्या वारंवारतांना जितका झाकतो तितका वरचा खालच्यांना झाकत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो, तर त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर, नेमकी ट्रकच्या मुलखात बोलते. जवारीमुळे त्या तारेचे वरचे स्वरांश ऐकू येत राहतात, त्यामुळे तंबोरा थांबल्यासारखा वाटत नाही. पण त्याचे वजन जाते. गेममधील दूरच्या पावलांचेही तसेच होते, आणि ऐकणाऱ्याचा हात आवाज वाढवण्याकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सुचवलेली असून प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा होतो, म्हणजे ८६ डेसिबलवर केवळ १० तास उरतात.

म्हणून या खिडकीपाशी क्लोज्ड-बॅकच योग्य. त्यात आवाजाचा पसारा आखडतो हे खरे. परंतु गेममध्ये दिशा कळते ती दोन कानांना पोहोचणाऱ्या आवाजातील वेळेच्या, तीव्रतेच्या आणि बाह्यकर्णामुळे पडणाऱ्या पोताच्या फरकावरून. व्हॅलोरंटसारख्या गेमच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाने असलेली सोय हाच फरक गणिताने निर्माण करते, आणि तो बंद कपातही टिकतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स हा या गटातील साधा, विश्वासाचा हेडफोन आहे. त्याला मायक्रोफोन नसल्याने तो वेगळा घ्यावा लागतो, तरी बास मुद्दाम फुगवलेल्या गेमिंग हेडसेटपेक्षा तंबोऱ्याला तोच अधिक न्याय देतो.

कोणताही क्लोज्ड-बॅक घेण्यापूर्वी एक परीक्षा आवर्जून करावी. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावून दोन्ही कप तळव्यांनी कानांवर हलकेच दाबावेत. दाबताच खर्ज भरून आला आणि बाहेरची घरघर ओसरली, तर गादी कानाभोवती नीट बसत नाही असे समजावे. चष्म्याच्या जाड काड्या हे याचे नेहमीचे कारण असते, आणि अशा वेळी महागडा हेडफोन घेण्यापेक्षा मऊ, जाड गादी बसवणे अधिक लाभाचे ठरते. कापडी गादीपेक्षा रेग्झिनची गादी खर्ज चांगला धरते, जरी मे महिन्यात ती घामाने नकोशी होते.

घरघरीवरचा खरा उतारा म्हणजे एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहरीने तो खोडणारी यंत्रणा, कारण तिचा प्रभाव खालच्या वारंवारतांवरच सर्वाधिक असतो. असे हेडफोन बहुधा ब्लूटूथचे असतात आणि ब्लूटूथमुळे आवाज उशिरा येतो. गाण्यात ते जाणवत नाही, गेममध्ये गोळी आधी आणि तिचा आवाज नंतर अशी स्थिती होते. त्यामुळे ३.५ मिमीची वायर लावूनही ज्यात एएनसी चालू राहते असाच हेडफोन निवडावा आणि दुकानातच वायर जोडून तशी खात्री करून घ्यावी.

सदनिकेत मागच्या बाजूला, महामार्गाकडे पाठ केलेली खोली असेल आणि रात्री ती मोकळी मिळत असेल, तर मात्र ओपन-बॅकचा विचार नि:शंकपणे करावा. एम२०एक्सचे ४७ ओहम मोबाइलला झेपतात काय, हे पुढील लेखांकात.