लिंबू, ओटा आणि फस्सऽऽ!

परवा आमच्या भाचेबाईंनी सरबत केलं. लिंबू पिळलं आणि पिळलेली फोड ओट्यावर तशीच पालथी टाकून बाई खेळायला पसार! संध्याकाळी आजीनं ओटा पुसायला घेतला, तर काळ्याकुळकुळीत कडाप्प्यावर एक फिकट गोल उमटलेला. साबण झाला, घासणी झाली, पण तो गोल काही जाईना. ‘‘ओट्यावर आंबट ठेवू नये, शंभरदा सांगितलंय!’’ आजी कडाडली.

पण एक गंमत सांगू? तो डाग नव्हताच. डाग म्हणजे वरून काहीतरी लागलेलं. इथे उलट झालं होतं. लिंबानं ओट्याचाच एक बारीकसा थर खाल्ला होता!

दगड खाणारं लिंबू? मग त्यानं आजीचा पाटा-वरवंटा का नाही खाल्ला? तोही काळाच की!

इथेच तर खरी मेख आहे. सगळे काळे दगड सख्खे भाऊ नसतात. आपला पाटा-वरवंटा बहुतेक बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उकळता लाव्हा बाहेर आला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. वेरूळचं कैलास मंदिर त्यातच कोरलंय. हा गडी आगीतून आलेला, लिंबाला भीक घालत नाही.

कडाप्पा मात्र पाण्यातून आलाय. तो आहे चुनखडीचा दगड. गाव आंध्र प्रदेशातलं कडप्पा, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. तेलुगूत ‘गडप’ म्हणजे उंबरठा. तिरुपतीच्या वाटेवरचा उंबरठा म्हणून गावाचं नाव कडप्पा, असं सांगतात. तिथे आणि बेतमचेर्ला गावाच्या बाजूला या दगडाच्या खाणी आहेत. पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यात मासे नव्हते, शंख-शिंपले नव्हते. डायनोसॉर तर फार पुढची गोष्ट! होते ते डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. समुद्राच्या तळाशी चुन्याचा चिखल थरावर थर साचत गेला, वरच्या ओझ्यानं दाबला गेला आणि त्याचा दगड झाला. मेलेल्या बारीक जिवांमधला कार्बन चिखलातच अडकला. कडाप्प्याचा काळा रंग आला तो या कार्बनमुळे.

पण हा काळेपणा म्हणजे नुसता पाहुणा आहे. कडाप्प्याच्या तुटक्या तुकड्यावर खिळ्यानं रेघ ओढून बघा. रेघ उमटते पांढुरकी! काळी चुनखडी भट्टीत भाजली, तर कार्बन जळून जातो आणि हाती येतो पांढरा चुना.

दगड असा थराथरांनी बनल्याचा एक फायदाही आहे. खाणीत कामगार दोन थरांच्या मधे छिन्नी धरून हातोडा मारतात आणि वहीचं पान सुटावं तशी सपाट लादी सुटते. म्हणून तर या दगडाचे ओटे, कपाटातले कप्पे, खिडकीच्या पट्ट्या करणं सोपं जातं. पान म्हटलं तरी हलकं नाही हं! एक फूट लांब, एक फूट रुंद आणि इंचभर जाड तुकडा सहा किलोंच्या वर भरतो. आपल्या अंगणातली शहाबादी फरशी ही त्याची राखाडी बहीण. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, पण तीही चुनखडीचीच.

आता लिंबाकडे वळू. लिंबाच्या रसात आम्ल असतं. आम्ल चुनखडीला भेटलं की चुनखडी विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. सोड्याची बाटली उघडल्यावर फस्स करतो, तोच हा वायू! ओट्याचा गुळगुळीत पृष्ठभाग विरघळून खडबडीत झाला. खडबडीत जागेवर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून ती फिकट दिसते. आजीनं त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि गोल पुसट झाला. तेलानं बारीक खड्डे भरून निघाले ना!

लिंबानं एका दुपारी एवढं केलं, मग लाखो वर्षं मिळाली तर? उत्तर बघायला आंध्रातल्याच बेलमच्या गुहांमध्ये जावं लागेल. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. तेच पाणी तिथल्या काळ्या चुनखडीच्या भेगांत शिरलं, दगड विरघळवत राहिलं आणि जमिनीखाली दालनं, बोगदे, भुयारं तयार झाली. किती लांब? 3229 मीटर! म्हणजे सव्वातीन किलोमीटरला थोडंसंच कमी. सन 2002पासून लोकांना आत जाऊन यातला काही भाग बघता येतो.

तुम्हालाही फस्स बघायचंय? फरशीच्या दुकानातून कडाप्प्याचा तुटका तुकडा मागून आणा. खिळ्यानं खरवडून थोडी पांढरी भुकटी काढा, तिच्यावर लिंबाचे चार थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे दिसतील. मग पाट्याच्या दगडाच्या खड्यावर तसंच करून बघा. काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.

फक्त एक लक्षात ठेवा. प्रयोग तुकड्यावर करायचा, ओट्यावर नाही. सरबत झालं की लिंबाची फोड उचलायची आणि ओटा लगेच पुसायचा. तो समुद्राचा तळ आहे, पन्नास कोटींहून जास्त वर्षं जुना!