प्रबंध मान्य, पदवी बाकी

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एकेकाळी पीएचडीचा प्रबंध मान्य झाला म्हणजे सुटलो, असं नसे. तो छापून प्रती जमा केल्यावरच पदवी मिळे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तिथे गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनाही हा नियम चुकला नाही. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या त्यांच्या प्रबंधाचं पुस्तक निघालं १९२५ मध्ये आणि पदवी रीतसर हाती पडली १९२७ साली. त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी तर बघण्यासारखी आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, राज्यशास्त्राचे जेमतेम ३! वर फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळख. मानववंशशास्त्राच्या वाट्याला आले ४. पण त्याच विषयाचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, मे १९१६ मध्ये, त्यांनी जातिसंस्थेवरचा गाजलेला निबंध वाचला.